पी-यू-बी-जी

अर्धा घाट चढून झाला तरी तात्या काही बोलले नव्हते. एरवी समर्थ मंदिराचा चौक मागे पडला की त्यांचं सुरू व्हायचं. कुणाची पेन्शन अडलीय, एमआयडीसीच्या गेटावर कुठला ट्रकवाला थापा मारून गेला, पाळीवरच्या चहात दूध कसं नावालाच होतं. त्या सोमवारी मात्र ते मान खाली घालून नुसते चालत होते, आणि इतके झपझप की प्रमोदिनीबाईंना मागे राहायला झालं. श्रावणातली भुरभुर येत होती, जात होती. खाली सातारा ढगात बुडालेला होता, अजिंक्यताऱ्याची तेवढी पाठ वर दिसत होती.

"तात्या, जरा दमानं. मी काय तुमची रिक्रूट नाही."

तात्या थांबले. मागे वळून बघितलं, तर बाई बेलाची पिशवी सावरत धापा टाकतायत.

"आवं बाई, तुमी मागं हाय ते ध्यानातच न्हाई राहिलं."

"मग इतका वेळ कुणाबरोबर चालत होतात?"

"महिंदरबरोबर," तात्या म्हणाले, आणि कठड्याला टेकून उभे राहिले.

महेंद्र म्हणजे त्यांचा मुलगा. तो सांगलीजवळ कुपवाडला, एका कारखान्यात मशीनवर. चौथीत तो प्रमोदिनीबाईंच्या वर्गात होता, तेव्हापासून तात्या त्यांना बाईच म्हणतात, वयानं थोडे मोठे असूनही. तात्यांचं खरं नाव सोपान. फौजेत हवालदार म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी वायरलेसच्या सेटवर. आता एका कंपनीच्या गेटावर सुरक्षारक्षक आहेत. दोघांची घरं एकाच कॉलनीत. बाईंच्या यजमानांचे गुडघे गेले तशी बाईंची यवतेश्वरची वारी एकटीनंच व्हायला लागली. ते तात्यांच्या बायकोला, आक्काताईंना, बघवलं नाही. "बाई एकल्या घाटानं जात्यात, तुमाला तरी सकाळी काय काम असतंय?" एवढं त्या बोलल्या, आणि पुढच्या सोमवारी तात्या फाटकाशी हजर. देवळात ते येत नाहीत. त्यांचा तो मार्ग नाही, आणि बाईही कधी या म्हणत नाहीत. बाहेर झाडाखाली बसून ते बाईंच्या चपलांवर लक्ष ठेवतात, आणि प्रसादाचं खोबरं मात्र आवडीनं खातात.

"काय झालं महेंद्रला?" बाईंनी विचारलं.

"कळत न्हाई तेच तर." तात्यांनी टोपी काढून झटकली. "काल फोन आला हुता. जेवला का? व्हय. पाऊस हाय का? हाय. झालं. मी म्हणलो, ठेवू? तर म्हणला, तात्या, एक बोलायचं हुतं. मी म्हणलो, बोल. तर गप. मी बी गप. मग म्हणला, काय न्हाई, ठेवतो. आन् ठेवला."

"मग तुम्ही परत लावायचा."

"लावला की. परत म्हणला, काय न्हाई."

स्वप्ना, तात्यांची मुलगी, मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिला वहिनीकडून कळलं होतं की महेंद्रचं जेवणखाण कमी झालंय, कामावरून आला की गच्चीत जाऊन बसतो, कारखान्यात काहीतरी चाललंय पण घरात सांगत नाही. स्वप्नानं विचारलं तर तिला हसून उडवून लावलं. आणि बापाला फोन करून म्हणतो, एक बोलायचं होतं. तात्यांच्या जिवाला घोर लागला होता तो याचाच. पोरगं दारापर्यंत आलं आणि परत फिरलं, असं त्यांना वाटत होतं, आणि दार उघडायची कडी नेमकी कुठं असते ते त्यांना माहीत नव्हतं.

"तवा गेम हुता," ते चालता चालता म्हणाले. "गेमात बोलला असता."

बाईंना गेमचं थोडंफार ठाऊक होतं. आक्काताई एकदा हसत म्हणाल्या होत्या, आमचं म्हातारं पोरासारखं फोनात बंदुका उडवतंय. पण सगळं काही कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी, उरलेल्या घाटात, तात्यांनी सांगितलं.

भांडण असं कधी झालंच नव्हतं. महेंद्रनं भरतीला जावं अशी तात्यांची फार इच्छा. पहाटे उठवून पळवायचं, दंड मारायला लावायचे. पोरगाही करायचा. भरतीच्या दिवशी तात्या मैदानाच्या कुंपणापाशी उभे होते. महेंद्र पळत होता, पुढच्या पोरांत होता, आणि पळता पळता सरळ रेघ सोडून बाहेर आला. पडला नाही, लंगडला नाही. नुसता बाहेर आला, बूट काढून हातात घेतले आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागला. तात्यांनी त्याला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. शिव्या दिल्या असत्या तर भांडण झालं असतं, आणि भांडण आज ना उद्या मिटलं असतं. इथं मिटवायला काही नव्हतंच. महेंद्रनं कराडला डिप्लोमा केला, कुपवाडला नोकरी धरली, आणि घरात बापलेकांचं बोलणं भाकरी वाढण्यापुरतं उरलं. तेही आक्काताईंच्या तोंडून. "तुज्या बाला इचार, कालवण पायजे का."

लॉकडाऊनच्या आधी, होळीला स्वप्ना घरी आली होती. तिनं बापाच्या फोनमध्ये काहीतरी उतरवून दिलं.

"तात्या, दादा फोनवर बोलणार न्हाई. पण यात बोलतो. ह्यो इथं कान लावायचा, हितनं बोलायचं."

"हाय काय हे?"

"लढाई हाय. तुमाला जमंल."

तात्यांनी चष्मा लावून नाव वाचलं. फौजेतल्या माणसाला अक्षरं सुटी सुटी वाचायची खोड असते. सी-एस-डी, जे-सी-ओ, ई-सी-एच-एस. लेकीचं शिक्षणही ते बी, एस, सी असं एकेक अक्षर सलाम ठोकल्यासारखं सांगतात. तसंच त्यांनी हेही वाचलं. पी, यू, बी, जी. आणि त्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. घरात कुणी विचारलं तात्या कुठायत, तर आक्काताई म्हणायच्या, "पी-यू-बी-जीच्या ड्युटीवर."

पहिले काही दिवस तात्या विमानातून उडी मारायचे आणि उतरल्या जागी मरायचे. मग हळूहळू बोटं वळायला लागली. महेंद्र कामावरून येऊन आंघोळ करून बसला की दिवेलागणीनंतर दोघं एका टोळीत असायचे. बाकीचे दोन गडी कुठले कुठले, गेम जोडून देईल ते. त्यात तात्यांचे नियम. मेलेल्या माणसाच्या सामानाला हात लावायचा नाही. बाकीची पोरं गोळ्या, औषधं, बंदुका उचलायची आणि हे आपले तसेच पुढं.

"तात्या, त्याची बंदूक घ्या. चांगली हाय."

"मेलेल्याच्या खिशात हात घालत नस्त्यात."

"आवं, खोटा हाय त्यो."

"आपला हात तर खरा हाय?"

असं म्हटलं आणि कानात महेंद्रचं हसू आलं. तात्या सांगत होते, बाई, कुंपणापाशी उभा हुतो त्या दिवसापासनं ते हसू मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं गेमातलंच कुणी हसलं.

दुसरा नियम, पडलेल्याला सोडून जायचं नाही. गेममध्ये टोळीतला गडी जखमी होऊन पडला की जवळ जाऊन त्याला उठवता येतं, पण तेवढ्या वेळात उठवणाराच मारला जातो. शहाणी पोरं पुढं निघून जातात. तात्या दरवेळी मागे फिरायचे, परक्या पोरासाठीसुद्धा. त्यामुळे त्यांची टोळी कधी जिंकली नाही. एकदा गुवाहाटीकडचा एक पोरगा त्यांच्यात आला होता. त्याला तात्यांनी तीनदा उठवला. खेळ संपताना त्यानं विचारलं, "अंकल, एक बात बताओ. आप दोनों सारा टाइम एक-दूसरे को हाय क्यों बोलते हो?"

बापलेकांना आधी कळेना. मग कळलं तेव्हा महेंद्रला ठसका लागला. झाडाझुडपात, धुरात, एकमेकांना दिसेनासे झाले की तो विचारायचा, "तात्या, हाय का?" आणि तात्या म्हणायचे, "हाय." मग तात्या विचारायचे, "तू हाय?" "हाय." त्या बिचाऱ्याला वाटलं, साताऱ्याची माणसं गोळ्या चुकवता चुकवता एकसारखी राम राम करतात.

हे सांगताना तात्या हसले आणि बाईही हसल्या. मागून येणाऱ्या दोन बायका त्यांना ओलांडून पुढं गेल्या. जाता जाता वळून बघून गेल्या.

"पण बाई, खरी गोष्ट येगळीच," तात्या म्हणाले. "घरात त्यो मला तुमी म्हणायचा. मीच लावलं हुतं लहानपणापासनं. बापाला तुमी म्हणायचं. गेमात तुमी म्हणायला टाइम कुठाय? 'ए तात्या, खाली बस. तात्या, सरक की रं. तात्या, मागं बघ, मागं, मागं.' मी आक्काला म्हणलो, पोरगं मला आरं-तुरं करतंय. ती म्हणली, मग सांगा त्याला. मी कशाला सांगतोय?"

बाईंना चौथीचा वर्ग आठवला. त्यांच्या वर्गात हाच महेंद्र खिडकीजवळ बसायचा. पाढे म्हणताना ओठ हलवायचा पण आवाज काढायचा नाही. एकदा त्यांनी त्याला उभं करून विचारलं होतं, तर सगळे पाढे बिनचूक म्हणाला. येत होतं सगळं. वर्गात मोठ्यानं म्हणायचं नव्हतं एवढंच.

खेळ सुरू होण्याआधी विमानात बसून थोडं थांबायला लागायचं. त्या थांबण्यात बोलणं व्हायचं. सुरुवातीला इकडचं तिकडचं. खोलीवर जेवणाचं काय करतोस, मास्क घालतोस का. मग एका संध्याकाळी महेंद्रनं विचारलं, "तात्या, तुला कवा भ्या वाटलं का रं? खऱ्या ड्युटीवर?"

समोरासमोर विचारलं असतं तर तात्यांनी न्हाई म्हटलं असतं. पण पोरगं कुपवाडला, आपण साताऱ्याला, दोघांच्या अंगावर खोटे हिरवे कपडे, खाली खोटा समुद्र. तात्यांनी सांगून टाकलं. बर्फातल्या एका चौकीवर त्यांचा सेट बंद पडला होता. पलीकडून आवाज येईना. मागच्या चौकीवर सगळे गेले असं वाटून एक अख्खा दिवस ते रडत होते आणि सेटमध्ये बोलत होते. संध्याकाळी कळलं, बॅटरी गोठली होती, माणसं सगळी ठीक होती. ते रडणं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आक्काताईंनाही नाही.

महेंद्रनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मला पण त्या दिवशी मैदानात..."

आणि उडी मारायची वेळ झाली. खाली उतरले तर भोवती गोळीबार, मग पळापळ, मग दोघंही मेले. महेंद्रला पहिल्या पाळीला जायचं होतं. उद्या बोलू, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरकारनं बंदी आणली.

तेव्हा चीनच्या सीमेवर जे घडलं होतं त्यानं निवृत्त फौजींची मनं आधीच पेटलेली. पावसाळ्याच्या सुरुवातीला नाचाच्या व्हिडिओचं ॲप बंद झालं तेव्हाही त्यांच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दिवाळी होती. आता बातमी आली, पब्जी बंद. पोरं बिघडवणारी, डोळे घालवणारी, चोऱ्या करायला लावणारी पब्जी अखेर बंद. ग्रुपवर सलामांचा पाऊस. कुणीतरी झेंड्याचं चित्र टाकून खाली लिहिलं, 'तरुण पिढी वाचली. देशासाठी योग्य निर्णय. सर्व आईवडिलांनी आपल्या मुलांना पाठवा.'

तात्यांनी आपल्या मुलाला पाठवलं.

"तुम्हाला कळलं नाही?" बाईंनी विचारलं. त्या वाटेतच थांबल्या होत्या.

"काय कळायचं? मला वाटलं पब्जी म्हंजे काय तरी चिनी थेर. पोरी नाचवत असतील. माझ्या फोनात तर पी-यू-बी-जी हुता."

बाईंना हसू आलं, आणि ते आल्याचं वाईटही वाटलं. तात्या काही रागावले नाहीत.

"हसा की. आक्का अजून हसती. वर मी आपल्या मनानं एक ओळ लिवली हुती. 'अतिशय चांगले झाले. तात्या.'"

बाईंनाही तेव्हा बंदीचं बरंच वाटलं होतं, आणि तसं त्यांनी बोलून दाखवलं. शाळेत त्यांनी पोरांची झोपाळलेले डोळे बघितले होते. एका आईनं त्यांच्यापुढं पदर डोळ्याला लावला होता. तात्या म्हणाले, तुमचं काय चुकलं, मलाबी बरंच वाटलं हुतं. पुढं जयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बी अडवली तरी मी म्हणलो बरं झालं, कानाला आराम. कुणाचं काय बंद झालं हे ज्याचं त्यालाच कळतंय.

त्या संध्याकाळपासून महेंद्र आला नाही. गेम अजून चालू होता. ज्यांच्या फोनात आधीपासून होता त्यांच्याकडं तो काही आठवडे तसाच उघडत राहिला. तात्या वेळेवर जाऊन बसायचे. कान लावून. एकटेच विमानातून उतरायचे, एखाद्या घरात जाऊन बसायचे, कुणी येऊन मारेपर्यंत. त्यांना वाटलं पोराला पाळ्या जास्त लागल्या असतील. मग वाटलं, आपण रडल्याचं सांगितलं ते त्याला आवडलं नसेल. बाप रडका निघाला. हे मनात आलं तेव्हापासून तात्यांनी फोन करायचंही सोडलं.

तिकडं महेंद्र काय समजला असेल ते उघड आहे. ज्यात बसून बापानं आदल्या दिवशी त्याला मनातलं सांगितलं, तेच बंद झालं म्हणून दुसऱ्या दिवशी बाप लिहितो, अतिशय चांगले झाले.

कोविडच्या ड्युटीमुळे स्वप्ना कित्येक महिने घरी आलीच नव्हती. धम्मचक्र दिनाला ती आली. संध्याकाळी वंदना झाली, जेवणं व्हायची होती, तर तात्या कोपऱ्यात फोन घेऊन बसलेले.

"अजून उघडतंय व्हय तात्या? आता कायमचं बंद हुणार हाय म्हणं."

"काय बंद हुणार हाय?"

"पब्जी."

"ही पब्जी न्हवं. ही पी-यू-बी-जी हाय."

स्वप्नानं आधी बापाकडं बघितलं, मग आईकडं. मग ती जमिनीवर बसली. हसावं की रडावं तिला कळेना. तिनं तिथल्या तिथं भावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोनमधून महेंद्रचं हसणं आक्काताईंपर्यंत ऐकू आलं. इतका हसला की त्याला बोलवेना. मग म्हणाला, तात्याला सांग, रविवारी सुट्टी आहे, रविवारी खेळू.

शुक्रवारी गेम कायमचा बंद झाला.

वर पोचल्यावर बाई देवळात गेल्या. पिंडीवर बेल वाहिला, हात जोडले. एरवी घरातल्या सगळ्यांची नावं मनात घेऊन झाली की त्या उठतात. त्या दिवशी एक नाव जास्त होतं. बाहेर आल्या तर तात्या झाडाखाली बसून खालच्या दरीत बघत होते. खोबऱ्याचा तुकडा हातात दिला तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

"पुढं तो गेम परत आला ना, नवं नाव घेऊन?" बाईंनी विचारलं. नातवंडांमुळे त्यांना एवढं माहीत होतं.

आला, परत बंद झाला, परत आला. स्वप्ना त्यावरनं बापाला चिडवते. म्हणते, बंदीनं पोरं कुठं सुधारली, आठवड्यात दुसऱ्या गेमवर गेली. तेवढे आमचे तात्या सुधारले. महेंद्रचं लग्न झाल्यावर एकदा दिवाळीत बापलेक तो नवा गेम घेऊन बसले होते. समोरासमोर, एकाच खोलीत. सगळं तसंच होतं, पण गोळी लागली की रक्त हिरवं. मध्येच पाटी यायची, फार वेळ झाला, विश्रांती घ्या.

"हिरवं रक्त बघून पोरं सुधारत्यात म्हणं," तात्या म्हणाले. "असू दे. आमाला रक्ताचं काय पडलं नव्हतं. पण खेळ सुरू झाला आन् महिंदर म्हणला, 'तात्या, तुमी डावीकडनं या.' तुमी. तवाच मी समजलो. एक डाव झाला. त्यो म्हणला, आता बोटं चालत न्हाईत. मी म्हणलो, माझी बी."

"मैदानातलं विचारलंत का कधी? तो काय सांगत होता ते?"

"कसं इचारू? तवाचं बोलणं तवाच्या जागेवर हुतं. आता जेवायला बसल्यावर मधीच कसं इचारू, की बाबा, त्या दिवशी इमानात तू काय म्हणत हुतास?" तात्यांनी खोबरं तोंडात टाकलं. "आन् आता ह्ये नवं. एक बोलायचं हुतं म्हणतोय. कुणास ठाऊक तेच हाय का दुसरं काय हाय. कामावरनं काढत असतील, घरात काय असंल. पोरगं गच्चीत बसतंय बाई. जेवत न्हाई."

"सांगलीला जाऊन या."

"येत्या सुट्टीला जाणारच हाय. पण जाऊन काय करू? समोर बसंन. जेवला का म्हणंन. त्यो व्हय म्हणंल."

उतरताना पाऊस थांबला होता. घाट अर्धा झाला असेल नसेल, बाईंचा फोन वाजला. अबोलीचा, त्यांच्या मुलीचा. ती सांगलीलाच असते, विश्रामबागेत. बाईंनी फोन कानाला लावला आणि पाय न थांबवता बोलायला लागल्या.

"हं, बोल. घाटात आहे. नाही गं, छत्री आहे. तात्या आहेत बरोबर. तू काय करतेस? परत मटकी? कालच केली होतीस ना. बरं, बरं. त्या पडद्याचं काय झालं? मी सांगितलं होतं, धुतला की आखडतो. मग आता खालून पट्टी लाव. दुसऱ्या रंगाची लागली तर लागू दे, कोण बघतंय. तुझ्या सासूबाईंचा खोकला? ज्येष्ठमध दिलास का? हो, हो. नाही, बाबा ठीक आहेत, पेपरावर चिडलेत सकाळपासून. आवाज का असा येतोय तुझा? नाही, येतोय. बरं, नको सांगू. मी काय म्हणत होते, त्या मटकीत थोडा गूळ घालत जा. ...हं. ...हं. कधी झालं हे? मग तू काय म्हणालीस? ...बरोबर केलंस. नाही, मला नाही वाटत तुझं चुकलं. रडू नको आता, डोळे चुरचुरतात दिवसभर. जेवून घे आधी."

तात्या आधी पुढं होते. मग त्यांची चाल मंद झाली. मग ते बाईंच्या बरोबरीला आले, आणि मग थोडे मागे राहिले, कान इकडं लावून. बाईंनी ते बघितलं, पण बोलणं थांबवलं नाही. खालच्या वळणावर फोन ठेवला तेव्हा शहरातल्या गाड्यांचे आवाज ऐकू यायला लागले होते.

"काय काम हुतं?" तात्यांनी विचारलं.

"काम? काम काही नव्हतं. रोजचाच फोन."

"रोज? आन् रोज एवढं बोलता?"

"होतं आपोआप."

"मटकीवरनं सुरू झालं," तात्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मग पडदा. मग खोकला. मग तुमी आवाजाचं इचारलं, ती न्हाई म्हणली, तर तुमी परत मटकीवर गेला. मग ती बोलली. आपल्या आपण बोलली."

बाईंनी चालता चालता त्यांच्याकडं बघितलं. त्यांना स्वतःला हे कधी दिसलं नव्हतं.

"आमाला वायरलेसवर शिकवलं हुतं, कमी शब्दात बोलायचं," तात्या म्हणाले. "जास्त बोलला की दुश्मन ऐकतोय. निरोप झाला की बंद करायचं. आयुष्यभर तेच केलं. पलीकडचा गप झाला की आमाला वाटायचं, निरोप संपला."

चौक जवळ आला. रिक्षावाले हाका मारत होते. तात्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि थांबले. बाई थांबल्या.

"बाई, एक मागणं हाय. नको वाटलं तर नको म्हणा, मला राग न्हाई."

"बोला की."

"उद्या तुमी पोरीला फोन लावाल तवा मला हाक मारा. मी दाराशी बसतो. च्या बी नको, काय बी नको. पोरीला आधी सांगा, की तात्या बसलेत, चोरून काय न्हाई. आन् पोरगी गप झाली की तुमी काय करता, तेवढं मला एकदा नीट ऐकू द्या."